गाण्यातला शोक : बेंद्रे, नरसिंहस्वामी आणि बंगळूरची भावगीते

‘शाकुंतला’च्या पाचव्या अंकाच्या आरंभी पडद्याआडून हंसपदिकेचे गाणे ऐकू येते आणि दुष्यंताचे मन अकारण व्याकूळ होते. प्रिय व्यक्तीचा विरह नसताना ही हुरहूर कोठून आली, असा प्रश्न तो स्वतःलाच विचारतो. आणि जन्मांतरीच्या कोणा स्नेहबंधाची ही अबोध आठवण असावी, अशी स्वतःची समजूत घालतो. वस्तुतः त्याची प्रिया या जन्मीचीच आहे आणि ती त्याच्या दारी येऊन ठेपली आहे. तरीही गाण्याने जागी झालेली हुरहूर त्याला शकुंतलेपर्यंत नेऊन पोचवीत नाही. ती काही क्षणांनी समोर उभी राहते तेव्हा तो तिला ओळखतही नाही. संगीताच्या सामर्थ्याचा दाखला म्हणून हा प्रसंग वारंवार सांगितला जातो. परंतु कालिदासाने येथे त्या सामर्थ्याबरोबर त्याची मर्यादाही सांगून ठेवली आहे, इकडे फारसे लक्ष दिले जात नाही. स्वर भाव जागा करतात. तो भाव कोणाविषयीचा, हे ते सांगत नाहीत.

याच्या उलट टोकाचे उदाहरण मार्सेल प्रूस्त याच्या १९१३ साली प्रसिद्ध झालेल्या कादंबरीखंडात आढळते. व्हिंतेय या कल्पित संगीतकाराच्या सोनाटातील एक लहानशी स्वरपंक्ती स्वान आणि ओदेत यांच्या प्रेमाची जणू खूण होऊन बसलेली असते. पुढे प्रेम ओसरल्यावर एका मैफलीत ती पंक्ती अनपेक्षितपणे कानी पडते आणि गेलेले दिवस त्यांच्या बारीकसारीक तपशिलांसह स्वानच्या मनात उभे राहतात. दुष्यंताची स्मृती निरालंब आहे, तर स्वानची सालंब. मात्र स्वानच्या स्मृतीला आधार मिळाला तो त्याच्या स्वतःच्या आयुष्यातून. सोनाटाने तो दिलेला नाही. त्याच मैफलीत बसलेल्या इतरांना त्या स्वरांतून ओदेत दिसली नसती. निव्वळ संगीत, मग ते कोठलेही असो, ऐकणाऱ्याच्या गाठी जे असेल तेच त्याला परत देते.

भावगीताचा प्रश्न येथेच उपस्थित होतो. भावगीतात शब्द असतात आणि शब्दांना आलंबन असते. कोण गेले, कोण उरले, गेलेले माणूस परत येणार आहे किंवा नाही, हे शब्दच सांगतात. भरताने करुण आणि विप्रलंभ यांतील भेद सांगताना हीच कसोटी लावली आहे : विप्रलंभ सापेक्ष, म्हणजे पुनर्भेटीची आशा असलेला, करुण निरपेक्ष, म्हणजे ती आशा सुटलेला. नाट्यशास्त्रात करुणासाठी गांधार-निषाद व शृंगारासाठी मध्यम-पंचम अशी स्वरांची वाटणी केलेली आहे हे खरे. पण ही रेघ ओलांडली जाते याची जाणीवही साहित्यशास्त्राला होती. माधुर्य विप्रलंभात आणि करुणात उत्कर्षाला पोचते, असे आनंदवर्धनाने म्हटले आहे. म्हणजे कानाला जे गोड लागते, त्या अंगाने हे दोन रस सख्खे शेजारी आहेत आणि त्यांच्यामधली भिंत केवळ अर्थाची आहे. चाल गोड झाली आणि अर्थ क्षीण झाला, तर ही भिंत खचते; शोकाचे गीत विरहाचे होते आणि विरहाचे गीत केवळ गतकाळाच्या हुरहुरीचे. कवीच्या आयुष्यातील प्रेम किंवा शोक संगीतामार्गे लोकांच्या स्मृतीत जातो तेव्हा त्यातले काय टिकते आणि काय बदलते, हे पाहण्यास कन्नड भावगीतांइतके उद्बोधक क्षेत्र क्वचितच सापडेल. आणि त्या गीतांचे बंगळूर हे एक प्रमुख केंद्र आहे.

बंगळुरात कवितेचे गाणे होण्याची परंपरा आता बरीच जुनी झाली आहे. मराठी भावगीत १९३०च्या दशकात ग्रामोफोनच्या तबकडीवरून घरोघर पोचले. कन्नडात पी. कालिंगराव यांनी कवींच्या रचना गाऊन सुगम संगीताची वाट घालून दिली. १९५५ साली बंगळुरास आकाशवाणी केंद्र सुरू झाले, १९६३ साली रवींद्र कलाक्षेत्र उभे राहिले आणि म्हैसूर अनंतस्वामी, सी. अश्वत्थ यांच्यासारख्या गायक-संगीतकारांनी ती वाट रुंद केली. निसार अहमद यांच्या ‘नित्योत्सव’ या गीतांची १९७८ साली निघालेली ध्वनिफीत कन्नड भावगीताच्या प्रसारात महत्त्वाची ठरली. २००५ साली बंगळूरच्या पॅलेस मैदानावर ‘कन्नडवे सत्य’ या कार्यक्रमात अश्वत्थांनी कन्नड कवींची गीते अफाट जनसमुदायापुढे सादर केली, ही त्या परंपरेची एक परिसीमा म्हणता येईल. ज्या नगरात कन्नडाच्या जोडीला तमिळ, तेलुगू, उर्दू आणि शहाजीच्या काळापासून मराठीही नांदत आली आहे, तेथे कवितेच्या पुस्तकापाशी जे कधी गेले नसते असे असंख्य लोक गाण्यामार्गे कवितेपाशी आले. हे ऋण मोठे आहे. पुढील विवेचनात या ऋणाचा अनादर नाही. देवघेवीत कवितेने काय दिले, याचा तो हिशेब आहे.

या हिशेबात पहिले नाव येते ते दत्तात्रेय रामचंद्र बेंद्रे यांचे. १८९६ साली धारवाडला जन्मलेल्या या कवीच्या घरची भाषा मराठी होती. कविता मात्र मुख्यतः कन्नड झाली. १९४४ ते १९५६ या काळात ते सोलापूरच्या महाविद्यालयात अध्यापक होते आणि मराठीतही त्यांनी लेखन केले. तरी मराठी वाचकाला त्यांची ओळख व्हावी तितकी झालेली नाही. वडिलांचे छत्र बाळपणीच हरपले. पुढे संसारात एकाहून अधिक अपत्यांचा वियोग सोसावा लागला. ‘अंबिकातनयदत्त’ या त्यांच्या काव्यनामातच आईची स्मृती आहे आणि ‘सखीगीत’ (१९३७) या दीर्घकाव्यात वैवाहिक जीवनाची सुखदुःखे आहेत. १९४६ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या संग्रहाचे नाव ‘हाडु-पाडु’ असे आहे. ‘हाडु’ म्हणजे गाणे, ‘पाडु’ म्हणजे भोगवटा, हालअपेष्टा. एका अक्षराच्या फरकाने गाणे आणि दुःख शेजारी येऊन बसतात. आपला भोगवटा आपल्यापाशी राहू द्यावा आणि रसिकाला त्याचे गाणे तेवढे द्यावे, अशी बेंद्रे यांची भूमिका प्रसिद्ध आहे. या भूमिकेत एक करार अनुस्यूत आहे : रसिकाने कवीचा भोगवटा मागू नये. परंतु ज्या दुःखात दुसऱ्या कोणाचा वाटा असतो, तेथे हा करार कवीला एकट्याने कसा करता येईल?

‘नी हिंग नोडब्याड नन्न’ या त्यांच्या विख्यात कवितेत हाच पेच आहे. माझ्याकडे अशी पाहू नकोस, असा या नावाचा अर्थ. अपत्याच्या मृत्यूच्या प्रसंगी पतीने पत्नीला उद्देशून म्हटलेली ही कविता आहे. तिच्यात बोलतो तो केवळ पती. पत्नीच्या तोंडी एक शब्दही नाही. आहेत ते तिचे डोळे आणि मिटलेले ओठ. निजलेले मूल तसेच निजू द्यावे, पुढचे देवाच्या इच्छेवर सोडावे, असे तो म्हणतो तेव्हा त्या निजेचा खरा अर्थ दोघांनाही कळून चुकलेला असतो आणि उच्चारणे दोघांनाही अशक्य असते. मग तो तिच्या रूपाकडे वळतो. एरवी शृंगारात शोभाव्यात अशा उपमा तो आठवतो : ओठांसाठी पिकले फळ, डोळ्यांसाठी दवाने धुतलेले करवंद. पण प्रत्येक उपमेपाशी तो थबकतो, कारण समोरचे ओठ आणि डोळे आता तसे उरलेले नाहीत. शेवटी पौर्णिमेचा चंद्र येतो. शृंगारातील या सर्वांत जुन्या उद्दीपनाला कवीने शव केले आहे, आणि तेही दिवसाउजेडी. शृंगाराची सामग्री घ्यावी आणि तिच्या डोळ्यादेखत तिचा करुण व्हावा, अशी ही रचना आहे. कवितेचा अखेरचा आग्रह तर विलक्षणच म्हणावा लागेल. सांत्वनपर कवितेत रडू नको म्हणण्याची रीत. येथे पती पत्नीला रड म्हणतो. दुःखावर हसण्याचा पडदा ओढू नकोस, हुंदका दाबून धरू नकोस, अशी त्याची विनवणी आहे.

म्हणजे ही कविता रडण्याची नाही, अडून राहिलेल्या रडण्याची आहे. तिचा सारा ताण त्या न फुटलेल्या हुंदक्यात साठला आहे. तो शेवटच्या कडव्यानंतर फुटतो किंवा नाही, हे कवीने सांगितलेले नाही. चालीची परीक्षा नेमकी येथे होते. पहिल्याच ओळीला कंप देऊन, तिसऱ्या सप्तकात आर्त तान घेऊन गायकाने अश्रूंना वाट करून दिली, तर शेवटच्या कडव्यात विनवणी करण्यासारखे काही उरतच नाही. जे पत्नीने रोखून धरले ते गायकाने आधीच सांडून टाकलेले असते. ऐकणाऱ्याचे डोळे भरून येतात, हे खरे. पण ते डोळे त्या स्त्रीच्या कोरड्या डोळ्यांपासून दूर जातात.

दुसरा धोका ध्रुवपदाचा. गीतात ध्रुवपद पुनःपुन्हा येते आणि स्मरणात तेच राहते. या कवितेचे ध्रुवपद संदर्भावाचून ऐकले, तर ते रुसलेल्या किंवा दूर निघालेल्या प्रियेला उद्देशून आहे, असे कोणालाही वाटेल. माझ्याकडे अशी पाहू नकोस, हे उद्गार प्रणयातही सहज येऊ शकतात. जुन्या तबकडीच्या एका बाजूला सुमारे तीन मिनिटे मावत. पुढे ध्वनिफितीने वेळ वाढविला, तरी दोनतीन कडव्यांत गीत आटोपण्याची सवय गेली नाही. निजलेल्या मुलाचे कडवे वगळले, की कवितेतून मूल नाहीसे होते. भरताने सांगितलेली निरपेक्षता, ती सुटलेली आशा, त्या एका कडव्यात होती; ते गेले, की करुण आपोआप विप्रलंभ होतो. एका घरातल्या मृत्यूची आठवण अशा रीतीने हजारो लोकांच्या मनात प्रेमाची आठवण होऊन बसू शकते. यात कोणी कोणाला फसविलेले नसते. माधुर्याने आपले काम केलेले असते, इतकेच.

संगीताच्या बाजूनेही एक साक्ष नोंदवली पाहिजे, आणि ती मोलाची आहे. बेंद्रे यांची भाषा धारवाडी बोलीची आहे. प्रमाण कन्नडात ‘नोडबेड’ म्हणतात तेथे ते ‘नोडब्याड’ लिहितात. छापील पानावर अशी बोली दक्षिणेकडील वाचकाला अडखळविते. त्याचे ओठ नकळत प्रमाण रूपाकडे वळतात. चालीत मात्र तसे करता येत नाही. ‘ब्याड’ मधील ‘या’चा दीर्घ स्वर चालीच्या अंगातच मिसळून जातो, तो बदलला तर मात्रा ढळते. त्यामुळे धारवाडपासून चारशे किलोमीटरांहून दूर असलेल्या बंगळुरात, ज्यांच्या घरी ही बोली कधी बोलली गेली नाही, अशांच्या कंठीही ती जशीच्या तशी राहिली आहे. संगीताने प्रसंग पुसट केला असेल, पण आवाज जतन केला. एखाद्या माणसाचे नाव विसरावे आणि त्याच्या बोलण्याची ढब मात्र मनात राहावी, तसे हे आहे.

बेंद्रे यांच्या गीतात शोकाचे प्रेम होते, तर के. एस. नरसिंहस्वामी यांच्या गीतांत प्रेमाची स्मृती होते. १९४२ साली निघालेला ‘मैसूर मल्लिगे’ हा त्यांचा पहिला संग्रह कन्नड वाचकांच्या पिढ्यांनी उराशी धरला. त्यातील प्रेम विवाहितांचे आहे. सासर-माहेर, कासाराच्या बांगड्या, मोगऱ्याचा वास, सणावारांची ये-जा यांत ते वावरते. ‘रायरु बंदरु’ या कवितेत जावई रात्री सासुरवाडीस येतो. हातपाय धुण्यास ऊन पाणी येते, घर लगबगीने त्याचे स्वागत करते. पण ज्या पदुमेसाठी तो आला ती कोठे दिसत नाही. का दिसत नाही, हे कोणी उघड बोलत नाही. त्या काळच्या घरातील स्त्रियांच्या दूर बसण्याचा रिवाज ज्याला ठाऊक, त्याला एका सूचक शब्दात सारे कळते आणि जावयाच्या रुसण्याचे हसू येते. ही कविता मुख्यतः विनोदाची आहे. तिचा आनंद कथेच्या क्रमात आणि त्या एका सूचक शब्दाच्या जागेत आहे. म्हणून येथे कडवे गाळणे म्हणजे विनोदाचा प्राणच गाळणे होय.

या कविता वर्तमानकाळात लिहिल्या गेल्या होत्या. १९४२च्या वाचकाला ते घर आणि ती लाजरी भेट परिचित होती. पुढे त्या गाऊ लागल्या आणि टी. एस. नागाभरण यांच्या १९९२ सालच्या ‘मैसूर मल्लिगे’ या चित्रपटाने त्या नव्या पिढीपुढे आणल्या, तेव्हा ते जग मागे पडले होते. मंड्या, हासन, म्हैसूर या भागांतून नोकरीधंद्यासाठी बंगळुरात आलेल्या कुटुंबाला आपले सोडलेले गाव या गीतांत सापडते. कवी स्वतःही याच नगरात राहिला आणि २००३ साली येथेच निवर्तला. त्याच्या कवितेतील प्रेम चालीवर बसताच गतकालीन झाले. ओळी त्याच, घटना तीच. पण सुरांच्या संथपणामुळे हसू मंदावले आणि हुरहूर वाढली. तरीही बेंद्रे यांच्या गीताला पोचते तशी इजा येथे पोचत नाही, असे म्हणावे लागेल. नरसिंहस्वामींचे आलंबन सर्वांच्या घरात होते. ऐकणाऱ्याने पदुमेच्या जागी आपल्या आजीला किंवा आईला पाहिले, तरी कवितेचा द्रोह होत नाही.

मराठीतील ‘गीतरामायणा’शी तुलना केल्यास हा मुद्दा अधिक स्पष्ट होईल. १९५५-५६ या वर्षात पुणे आकाशवाणीवरून ग. दि. माडगूळकरांची ५६ गीते सुधीर फडके यांच्या चालींवर दर आठवड्यास प्रसृत झाली. तेथेही शोक आहे : पुत्रवियोगाने विव्हळ झालेल्या दशरथाचा, त्यागलेल्या सीतेचा. पण तेथे चाल कितीही गोड झाली तरी आलंबन हरवण्याचे भय नाही, कारण ते सर्वांना आधीच पाठ आहे. रामकथा ही समाजाची सामाईक स्मृती. गीत तिला फक्त स्पर्श करते. बेंद्रे यांच्या घरातील मूल मात्र कोणाच्याच स्मृतीत नाही. त्याला नाव नाही, कथा नाही, पुराण नाही. कवितेतील शब्दांखेरीज त्याला जगात दुसरा आश्रय नाही. म्हणून आलंबन जितके खाजगी, तितकी चालीची जबाबदारी अधिक, असा नियम येथे बांधता येईल.

भाषांतराच्या वाटेने पाहिले तर हाच नियम उलट बाजूने प्रत्ययास येतो. भाषांतरात चाल आधीच गळून पडलेली असते. हाती उरतात ते शब्द आणि प्रसंग. या कवितेच्या ध्रुवपदात ‘तिरुगि’ असा एक शब्द येतो. त्याचा अर्थ ‘वळून’ असाही होतो आणि ‘पुन्हा’ असाही. पत्नीच्या नजरेला नजर कशी द्यावी आणि यानंतर तिच्याकडे पुन्हा कधी तरी कसे पाहावे, हे दोन्ही प्रश्न त्या एका शब्दात एकवटले आहेत. इंग्रजीत भाषांतरकाराला दोहोंतून एकाची निवड करावी लागते. मराठीत ‘फिरून’ हा शब्द दोन्ही अर्थांसह जागच्या जागी उभा आहे. करवंदही कोकणात आणि घाटमाथ्यावर तेच आहे. ज्या कवीच्या घरात मराठी बोलली गेली, त्याच्या कन्नड शोकाला मराठीने असा निवारा द्यावा, हा केवळ योगायोग मानता येणार नाही. मात्र हे दोन अर्थ चालीत ऐकू येण्यासाठी गायकाने त्या शब्दावर क्षणभर थांबले पाहिजे. सुरावट तेथून वाहत पुढे गेली, तर एक अर्थ उरतो, तोही सोपा.

यावरून शोकगीताच्या चालीची कसोटी कोणती, याचा निर्णय करता येतो. ती श्रोत्याला किती रडविते, ही ती कसोटी नव्हे. हंसपदिकेच्या गाण्याने दुष्यंतही व्याकूळ झाला होता आणि तरी त्याने शकुंतलेला ओळखले नाही. चाल कोठे थांबते, काय गाळीत नाही आणि कोणाचे मौन मोडीत नाही, हे पाहिले पाहिजे. ‘नी हिंग नोडब्याड नन्न’ या कवितेत बोलणारा एक आहे आणि न बोलणारी एक. बोलणाऱ्याला स्वर देणे गायकाला अवघड नाही. न बोलणारीची जागा स्वरांमधील विरामांतच राखता येते. सगळी कडवी गावी, निजलेल्या मुलाच्या कडव्याशी आवाज खाली आणावा, आणि शेवटी हुंदका फुटू न देता गीत मिटावे. एवढे पथ्य पाळले तरी बंगळूरच्या एखाद्या भरल्या सभागृहात ती स्त्री आपल्या कोरड्या डोळ्यांनी उपस्थित राहू शकेल. आपला भोगवटा आपल्यापाशी ठेवून कवीने रसिकाला गाणे दिले. परंतु त्या भोगवट्यातील अर्धा वाटा जिचा होता, तिने कोणाला काही दिलेले नाही. तिच्या वाट्याचे मौन तिला परत करणे, एवढेच गाणाऱ्याच्या आणि ऐकणाऱ्याच्या हाती आहे.